जुन्या इंजिनांसाठी जिल्ह्यात एक पंप ठेवा

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ऊस पिकतो, उसाचं इथेनॉल होतं आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेच इथेनॉल ढोकीच्या माझ्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या जुन्या मोटारसायकली आतून खातं. मी लेथवर काम करणारा माणूस आहे. माझ्या शेतातही ऊस उभा आहे, त्यामुळे इथेनॉलला शिव्या देणाऱ्यांत मी नाही. माझी मागणी एवढीच आहे की पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एका पंपावर इथेनॉल न मिसळलेलं पेट्रोल मिळावं.

या गाड्या म्हणजे बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, ट्रायम्फ आणि अर्थातच जुनी बुलेट. दुसऱ्या महायुद्धासाठी ब्रिटिश कारखान्यांनी लाखो मोटारसायकली बनवल्या. लढाई संपल्यावर त्यातल्या कितीतरी लष्कराच्या डिस्पोजलमधून भारतात विकल्या गेल्या आणि हातोहात खेड्यापाड्यांपर्यंत आल्या. बुलेटची गोष्ट वेगळी. १९५२ साली भारतीय लष्कराने ३५० सीसीच्या बुलेटची ऑर्डर दिली, १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि इंग्लंडमधल्या रेडिचचं डिझाइन इथे तयार होऊ लागलं. पुढे १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला, १९७० मध्ये इंग्लंडमधलं रॉयल एन्फील्डचं उत्पादनच थांबलं. मद्रासचं थांबलं नाही. ज्या देशाने ती गाडी आखली, त्याने ती सोडून दिली आणि आपण ती पुढे अर्धशतक चालवली. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, टाकीपुढे थरथरणारा अँपिअरचा काटा, हे सगळं आमच्या भागात डॉक्टरांनी, फौजदारांनी, सोसायटीच्या चेअरमननी आणि शेतकऱ्यांनी वापरलं. नंतर ३२५ सीसीची डिझेल बुलेट आली तेव्हा पळण्यात ती म्हैस होती, पण मायलेजसाठी लोकांनी तीही आवडीने घेतली.

मराठवाड्यात अशा गाड्या जिवंत राहिल्या त्या इथल्या वर्कशॉपमुळे, याची नोंद कुठे होत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या ब्रिटिश गाडीचा नट आजच्या मिलिमीटरच्या पान्याने खोलायला गेलात की त्याचे कोपरे गेलेच म्हणून समजा. त्यांच्या इंजिनावरचे आटे व्हिटवर्थ घराण्यातले. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवून दिलेले, ५५ अंशांच्या कोनाचे. आजचे मेट्रिक आटे ६० अंशांचे. शिवाय फ्रेमवर आणि बारीक बोल्टांवर सायकल थ्रेड, इंचाला २६ आटे. म्हणजे एकाच गाडीत तीन-तीन प्रकार. हे टॅप-डाय आज कुठल्याही दुकानात मागून मिळत नाहीत. आमच्याकडे ते होते, कारण साखर कारखान्यांची आणि रेल्वेची कामं करणाऱ्या फिटर लोकांनी ते जपून ठेवले होते. ढोकीवरून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी जायची. १९११ पासून ती लातूरपर्यंत होती, इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची आणि दुरुस्ती कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये. माझे वडील तेरणा साखर कारखान्यात फिटर होते. त्यांच्या पेटीतले पाने इंचाच्या मापाचे होते आणि आज मी त्याच पान्यांनी बीएसए खोलतो. तेरणा कारखाना मधली कित्येक वर्षं बंद राहिला, अडीच फुटी रूळही २००७-०८ च्या सुमाराला गेले आणि ब्रॉडगेज आली. तो सगळा यांत्रिक संसार डोळ्यांदेखत भंगारात निघाला. त्यातलं हाताचं कसब मात्र या मोटारसायकलींच्या रूपाने थोडंफार टिकून आहे. एक मुलगा माझ्याकडे शिकायला येतो. जुन्या सिलिंडरचं बोअरिंग किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे त्याला नव्या गाडीवर शिकताच आलं नसतं, कारण नव्या गाडीत भाग दुरुस्त करत नाहीत, बदलतात.

सध्या माझ्याकडे एक बीएसए एम-२० उभी आहे. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, तेरा अश्वशक्ती. युद्धकाळात बर्मिंगहॅमच्या कारखान्याने अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या सैन्याला दिल्या. गाडी बार्शीकडच्या एका घरातली, कडब्याच्या गंजीमागे वर्षानुवर्षं पडलेली. मालक नोकरदार माणूस, पगारातून बाजूला काढून गाडी उभी करतो आहे. मॅग्नेटो गुंडाळून घेतला, बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरातून करून आणले, काही सामान पुण्याच्या जुन्या बाजारात सापडलं, अ‍ॅमलच्या कार्ब्युरेटरचे भाग इंग्लंडहून मागवले. हे छंदिष्ट लोक श्रीमंत असतात असा समज आहे. मुंबईच्या रॅलीत दिसणारे असतीलही. आमच्याकडे येणारे शिक्षक आहेत, एसटीतून निवृत्त झालेले आहेत, आजोबांची गाडी विकायची नाही म्हणून हट्टाला पेटलेली शेतकऱ्यांची पोरं आहेत.

आता इथेनॉल काय करतं ते बघा. जुन्या टाकीच्या पेट्रोल कॉकमध्ये बुचाचा वॉशर असतो. काही जुन्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटसुद्धा बुचाचा, वर लाखेचा लेप. लाख कशात विरघळते हे कुठल्याही सुताराला विचारा, तो स्पिरिटमध्येच तर पॉलिश कालवतो, आणि इथेनॉल म्हणजे तेच स्पिरिट. नंतरच्या गाड्यांत रबरी नळ्या आणि वॉशर आले, तेही जुन्या प्रतीचे असल्याने फुगतात, मऊ पडतात. अ‍ॅमलचा कार्ब्युरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा. त्यात हे पेट्रोल साचून राहिलं की आत पांढरी भुकटी धरते आणि जेट बंद होतो. टाकीला आतून लावलेला जुना लेप पापुद्र्यासारखा सुटतो. सगळ्यात वाईट म्हणजे इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी वाढलं की ते आणि इथेनॉल मिळून खाली बसतं आणि टाकीचा पत्रा तळापासून गंजतो. मुरूडच्या एका सरांची साठच्या दशकातली बुलेट पावसाळाभर अर्ध्या टाकीनिशी उभी होती. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढली तर किक मारून मारून पाय दुखला, गाडी बोललीच नाही. टाकी उतरवून उलटी केली तर तांबडं पाणी आलं.

शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो, त्यामुळे त्याला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो, तो हिशेब सांभाळून घेतो. जुन्या गाडीत जेटचं भोक ठरलेलं. मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. मोठा जेट बसवून हे सुधारता येतं, मी बसवतोही. पण गळकी टाकी आणि सडलेला फ्लोट जेटने सुधारत नाही.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा केला की इथेनॉलच्या पेट्रोलमुळे काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर थोडे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, खर्च फार नाही. रोज पळणाऱ्या गाडीला हे लागू पडत असेल. माझा आक्षेप असा की इथे मापच चुकीचं लावलं आहे. माझ्याकडची एम-२० पुढच्या वीस वर्षांत वीस हजार किलोमीटर चालणार नाही. ती महिन्यातून एखाद्या रविवारी तेर गावाला जाऊन येईल, एरवी उभी राहील. रोजच्या गाडीतलं पेट्रोल आठवड्याभरात जळून जातं, एम-२० च्या टाकीत ते तीन-तीन महिने तसंच पडून राहतं. तिचं नुकसान किलोमीटरवर मोजताच येत नाही, ते उभ्या दिवसांवर मोजायला हवं.

यातली विसंगती सरकारच्याच कागदांत आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी आणि चारचाकी वारसा म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नको. नियम चांगला आहे, देशाने पहिल्यांदा या यंत्रांना वारसा म्हटलं. फी मात्र दुचाकीला जास्त आहे. चाळीस-पन्नास लाखांच्या विंटेज मोटारीला आणि गोठ्याशेजारच्या बुलेटला एकच रक्कम लावणं मला पटत नाही. पण फीपेक्षा मोठा प्रश्न पेट्रोलचा. एक मंत्रालय म्हणतं गाडी होती तशीच ठेवा, दुसरं म्हणतं नव्या पेट्रोलला मानवतील असे भाग बसवा. मालकाने ऐकायचं कोणाचं?

मग लोक आपापले उपाय काढतात. शंभर ऑक्टेनचं बिनइथेनॉल पेट्रोल मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर मिळतं, लिटरला दीडशे रुपयांच्या पुढे. ते जोरदार इंजिनांसाठी असतं. आमच्या एम-२० चं कॉम्प्रेशन पाचाच्याही खाली, युद्धात ती सत्तर-बहात्तर ऑक्टेनवर पळत होती. तिला शंभराची गरज नाही, तिला फक्त त्यात स्पिरिट नको आहे. दुसरा उपाय मोबाइलवरच्या व्हिडिओंत बघून करतात: कॅनमध्ये पेट्रोल घ्यायचं, पाणी घालून हलवायचं, इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसलं की वरचं पेट्रोल काढून घ्यायचं. कृपा करून हे कोणीही करू नका. घरात, अंगणात उघड्या पेट्रोलशी असा खेळ म्हणजे आगीला बोलावणं आहे, आणि पाण्याचा अंश मागे राहतो तो वेगळाच.

उसाच्या शेतकऱ्याचं काय, असं मला गावातच विचारतात. प्रश्न रास्त आहे. इथेनॉलमुळे कारखान्यांना साखरेच्या जोडीला दुसरं उत्पन्न मिळालं आणि त्यातून उसाची बिलं निघतात, हे मी शेतकरी म्हणून बघतो. देशाचा तेलावरचा परकीय चलनाचा खर्च कमी होतो, तेही चांगलंच. पण सर्वांना बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय द्या, असं मी म्हणतच नाही. तशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली आहे. मी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांपुरतं बोलतो आहे. अख्ख्या धाराशिव जिल्ह्यातल्या अशा चालू गाड्या मिळून महिन्याला जे पेट्रोल पितील, त्याने एकाही शेतकऱ्याच्या एका कांड्याचं नुकसान होणार नाही.

ज्या देशातून या गाड्या आल्या, तिथे हा प्रश्न सोडवून झाला आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्वसाधारण झालं, पण पाच टक्क्यांपर्यंतचं पेट्रोल वरच्या प्रतीत चालू ठेवलं आणि जुन्या गाड्यांच्या मालकांना ते वापरा असं सरकारनेच सांगितलं. आणि आज बीएसए हे नाव महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे आहे, नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसकडे, रॉयल एन्फील्ड आयशरकडे, ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला बजाज बनवते. या नावांचा अभिमान जाहिरातीत विकला जातो. तो ज्या लोखंडातून आला, ते वाचवण्यासाठी या कंपन्यांनी दिल्लीत शब्द टाकायला हवा. आमच्यापेक्षा त्यांचं तिथे लवकर ऐकतील.

करायला हे अवघड नाही. इथेनॉल विहिरीत किंवा रिफायनरीत मिसळत नाहीत, ते डेपोत टँकर भरताना मिसळतात. सोलापूरजवळ पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. टँकरला वेगवेगळे कप्पे असतात. महिन्यातून एकदा त्यातला एक कप्पा इथेनॉल न मिसळता भरायचा आणि धाराशिवच्या एका पंपावर लहान टाकीत उतरवायचा. आरसी बुक दाखवल्याशिवाय द्यायचं नाही, महिन्याला गाडीमागे दहा-पंधरा लिटरची मर्यादा घालायची, दर लिटरला पंधरा-वीस रुपये जास्त लावायचा. माझ्याकडे येणारा एकही माणूस त्याला नाही म्हणणार नाही, आणि ढोकीहून धाराशिवला जाऊन पेट्रोल आणायला आम्हाला काहीच वाटणार नाही.