गाठ आणि कात्री

कात्रीइतकी उतावळी वस्तू संसारात दुसरी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. क्योतोला गेलो असताना एका दुकानातून चहाचा वाडगा घेतला. दुकानातल्या बाईंनी तो किरी लाकडाच्या पेटीत ठेवला. मग एक चपटी सुती नाडी पेटीच्या बुडाच्या खाचांतून ओवून वर आणली, कुठेही पीळ पडू दिला नाही, आणि झाकणावर फुलपाखरासारखी गाठ मारली. आमचे मेहुणे घड्याळाकडे बघत होते.

"भावोजी, एका कपासाठी एवढा सोहळा? रबरबँड लावला असता तर एव्हाना जेवण झालं असतं!"

या रबरबँडवाल्यांशी माझे भांडण आहे. या नाडीला सानादा-हिमो म्हणतात. बघणाऱ्याला ती वेणीसारखी गुंफलेली वाटते, पण ती उभ्या-आडव्या धाग्यांनी मागावर घट्ट विणतात. म्हणून ओढली तरी लांबत नाही. 1600 च्या सेकिगाहारा लढाईनंतर हरलेल्या पक्षाचे सानादा बापलेक कुदोयामाला हद्दपारीत राहिले आणि तिथे ही नाडी विणवून घेत, अशी आख्यायिका आहे. चहाच्या घराण्यांचे रंग आणि पट्टे ठरलेले असतात; नाडी बघून जाणकार घराणे ओळखतो. झाकणावर बहुधा कुंभाराचा हस्ताक्षरी मजकूर असतो, आणि पेटी हरवली तर वाडग्याची किंमत घसरते. म्हणजे ती नुसती पॅकिंगची दोरी नव्हे, वस्तूच्या कुळाचा कागद आहे!

राहता राहिला वेळ. गाठ सोडायला मिनिट लागते, मान्य. पण त्या मिनिटात हात आपोआप सावकाश होतात, आणि वाडगे फुटतात ते घाईत. रबरबँड काही महिन्यांत चिकट होऊन तुटतो; नाडी पुन्हा बांधता येते. आमचे आजोबा पोथीचा रुमाल सोडत तसाच परत बांधतही. जे पुन्हा बांधायचेच नसते, ते आपण उघडत नाही, फोडतो. घरातली किती पार्सले, किती पत्रे आणि किती माणसे आपण अशी फोडली, याचा हिशेब मेहुण्यांनी करावा. मीही करीन म्हणतो.

घरी आल्यावर कळले, की हॉटेलात हौसेने पुन्हा बांधताना माझी फुलपाखराऐवजी निरगाठ बसली होती. मेहुणे लगेच कात्री घेऊन आले. मी पेटी पोटाशी धरली. अर्धा तास गेला, एक नख गेले, पण गाठ सुटली. वाडगा शाबूत होता.

चहा मात्र तोवर मेहुण्यांनी स्टीलच्या पेल्यातून संपवला होता.