क्लेमचे टेबल कोपऱ्यात का?



मुलगी पदवीधर झाली की आपल्याकडे अजूनही कुणीतरी म्हणतेच, "बँकेत नाहीतर विम्यात लागली तर बरं. सुरक्षित नोकरी, सुट्ट्या, वेळेत घरी." मी एका मोठ्या विमा कंपनीच्या परळच्या शाखेत अठ्ठावीस वर्षे काम केले. त्यातली एकोणीस क्लेमच्या टेबलावर गेली. सुट्ट्या खरेच मिळायच्या. थंडीत सूर्य लवकर मावळतो आणि चर्नी रोडला उतरेपर्यंत अंधार झालेला असतो, म्हणून मी पावणेपाचला फायलींच्या आडच डबा उघडायची. तेवढा वेळ शेजारची मैत्रीण माझा काउंटर सांभाळायची. मोठ्या ऑफिसात माणसे एकमेकींचे नेम असे सांभाळून घेतात, हे सुख मी मोकळेपणाने मान्य करते.

पण आज मला त्या ऑफिसाच्या रचनेबद्दल बोलायचे आहे. दारातून आत शिरले की समोर नवा धंदा आणणारी मंडळी. भिंतीवर चांगल्या एजंटांचे फोटो, मार्चमध्ये रोजच्या आकड्यांचा फळा, टार्गेट पुरे झाले की पेढे. क्लेमचे टेबल अगदी मागे, रेकॉर्ड रूमच्या दाराला लागून. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला हातात घेऊन आलेल्या बाईला अख्खे ऑफिस ओलांडून तिथवर यावे लागे. महिन्याभरात आम्ही कितीही डेथ क्लेम वेळेत निकाली काढले तरी फळ्यावर आकडा लागत नसे. मला पेढे नको होते. पण कंपनी कशाला मान देते हे भिंतीवरून कळते, आणि नवीन लागलेली मुलगी ते पहिल्या आठवड्यातच शिकते. माझे मत आहे की ही रचना उलटी आहे. विमा कंपनीचे खरे काम विकणे नाही, देणे आहे.

पैशाचा हिशेबही त्याच बाजूला झुकलेला. विमा कायद्यात एजंटाच्या कमिशनची मर्यादा अनेक वर्षे लिहिलेली होती: पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर 35 टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे पाच. म्हणजे मोठी कमाई दारात, पॉलिसी घेतली त्या दिवशी. पुढे वीस वर्षांनी घरात दुःख आले आणि कुणी धावपळ करून कागद जमवून दिले, तर त्याचे वेगळे काही नाही. तरीही मयताच्या घरी स्वतः जाऊन फॉर्म भरून देणारे एजंट मी पाहिले आहेत. ते त्यांच्या स्वभावाने तसे वागत, कंपनीच्या व्यवस्थेमुळे नव्हे.

आपल्या मुंबईत विम्याची सुरुवात वेगळ्या भावनेने झाली होती. एके काळी भारतीय माणसाला आयुर्विमा हवा असेल तर इंग्रज कंपन्या जादा हप्ता लावत. 1870 मध्ये मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने तो भेद मोडला आणि आपल्या माणसांना नेहमीच्या दराने विमा दिला. पुढे कंपन्या वाढल्या, काही बुडाल्या, काहींनी विमेदारांचा पैसा भलतीकडे वळवला. मग 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे तेच हे देशमुख. 245 लहान-मोठ्या कंपन्या आणि संस्था एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 ला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. नरिमन पॉइंटच्या त्याच्या मुख्य कार्यालयाचे नाव 'योगक्षेम'. योग म्हणजे नसलेले मिळणे, क्षेम म्हणजे असलेले राखणे. राष्ट्रीयीकरणाचे एक मोठे कारण हेच होते, की विश्वासाने ठेवलेला पैसा ज्याचा त्याला परत मिळावा.

फोर्टमध्ये महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अश्युरन्सची जुनी इमारत आहे. कधी गेलात तर मान वर करून बघा. दर्शनी भागावर एन. जी. पानसरे यांच्या हातची शिल्पे आहेत, आणि ती कष्टकरी माणसांची आहेत, साहेबांची नाहीत. विमा कुणासाठी आहे हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते.

आता माझ्या टेबलावरची एक फाइल सांगते. घरची ओळख पटेल असे काही लिहीत नाही, आणि कंपनीचे नावही घेत नाही. लालबागची एक बाई. नवरा पंचेचाळिशीत गेला. पाच लाखांची पॉलिसी, जेमतेम अडीच वर्षे झालेली. तीन वर्षांच्या आतला मृत्यू म्हटला की चौकशी लागते. रुग्णालयाच्या जुन्या केसपेपरवर मधुमेह लिहिलेला निघाला. प्रपोजल फॉर्ममध्ये मात्र मधुमेहाच्या प्रश्नापुढे 'नाही'. मी फॉर्म पाहिला. अक्षर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एजंटाचे, इंग्रजीत. खाली सही नवऱ्याची, मराठीत. बाई म्हणाली, "ताई, यांनी त्याला गोळ्या दाखवल्या होत्या. तो म्हणाला, एवढ्याने काही होत नाही, सही करा."

मी फाइलवर तसे टिपण लिहिले. अक्षराकडे बोट दाखवले. वरून उत्तर आले की सही विमेदाराची आहे, जबाबदारी त्याची. क्लेम नामंजूर, भरलेले हप्ते तेवढे परत. नियमाने हे चूक म्हणता येत नाही. 2015 च्या दुरुस्तीनंतर कायदा सांगतो की तीन वर्षे पुरी झाली की कोणत्याही कारणाने पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. त्याआधी मात्र कंपनी माहिती लपवल्याचे कारण देऊ शकते. फसवणूक नसेल तर हप्ते नव्वद दिवसांत परत द्यावे लागतात. तिला ते मिळाले. पण पहिल्या वर्षाचे कमिशन ज्याला मिळायचे त्याला कधीच मिळून गेले होते, आणि त्या वर्षीच्या भिंतीवर त्याचा फोटोही होता.

ती बाई गेल्यावर मला पाठशाळेतले सत्य अणुव्रताचे अतिचार आठवले. लहानपणी आपण ते घडाघडा म्हणायचो, अर्थ पुढे आयुष्यात कळतो. त्यातला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे. दुसरा न्यासापहार. त्याचा अर्थ आम्हाला असा शिकवला होता: कुणी ठेव ठेवली, नंतर किती ठेवली ते विसरला आणि कमी मागू लागला, तर "हो, तेवढीच होती" म्हणून तेवढीच परत करणे. उघड चोरी नाही, मागितले ते दिले. तरीही तो दोष. विम्याच्या ऑफिसात दोन्ही अतिचार रोज समोर उभे असतात. फॉर्म भरताना पहिला आणि पैसे देताना दुसरा. विधवा बाईला नवऱ्याच्या किती पॉलिसी होत्या हे ठाऊक नसते. ती एकाचा कागद घेऊन येते. त्याच नावाने आणखी एखादी आहे का, हे शोधायचे की समोरचा कागद निकाली काढून मोकळे व्हायचे, हे टेबलावर बसलेलीच ठरवते. विचारले नाही तर तिला कुणी दोष देणार नाही. दहा वर्षे कुणी न मागितलेली रक्कम पुढे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. ज्या घराची ती होती, त्या घराला बहुधा पत्ताही नसतो.

म्हणून मुलीला विम्यात पाठवायचे असेल तर सुट्ट्यांकडे बघून पाठवू नका. तिला सांगा की मोठ्या कंपनीत "नियम असाच आहे" म्हणून हात झटकणे फार सोपे असते, आणि शोधून देण्याबद्दल कुणी पाठ थोपटणार नाही. तरीही शोधायचे. आणि कंपन्यांनी क्लेमचे टेबल दाराशी आणावे, तिथल्या कामाचा आकडा फळ्यावर लावावा, खोटा फॉर्म भरणाऱ्याचे कमिशन परत घ्यावे. ही मागणी अवाजवी आहे असे मला वाटत नाही.

आपल्या बाजूनेही काही आहे. आपण पॉलिसी कुणाकडून घेतो? भाचा आहे, व्याह्यांचा मुलगा आहे, नाही कसे म्हणायचे. न वाचता सही. पुढे फॉर्म आला की प्रत्येक प्रश्न घरच्या कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या आणि आजार असेल तो लिहायला लावा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. घरात दुकान-धंदा असेल तर 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घेता येते का ते विचारा. तशी पॉलिसी बायको-मुलांसाठी वेगळी राखली जाते, धंद्यातले देणेकरी सहसा तिला हात लावू शकत नाहीत. आणि क्लेम नाकारला गेला तर रडत घरी बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे. फी नाही, वकील लागत नाही, मात्र वर्षाच्या आत जावे लागते.

येत्या रविवारी कपाट उघडा. घरातल्या सगळ्या पॉलिसींचे नंबर, नॉमिनीचे नाव आणि शाखा एका वहीत मराठीत लिहून काढा. ती वही कुठे आहे ते सुनेला आणि मुलीला, दोघींनाही सांगा.