गाजरगवत कोणाच्या पोत्यातून आले?



बांधावरचे गाजरगवत उपटून हाताला खाज सुटली की आपण नशिबाला बोल लावतो. नशिबाचा काय संबंध? १९५५ च्या सुमारास हे गवत पुण्यात पहिल्यांदा नजरेस आले. मूळ अमेरिका खंडातले. तिकडून आयात केलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. पोळी शहराने खाल्ली, गवत आपल्या वावरात राहिले. जनावर त्याला तोंड लावत नाही, लावलेच तर दूध कडवट. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटले ते उगाच नव्हे!

तेव्हापासून रांग लागली आहे. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण तिकडचाच. मका आणि ज्वारीच्या पोंग्यात शिरणारी अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये आधी कर्नाटकात सापडली, त्याच वर्षी आपल्याकडे पोचली. फवारणीचा खर्च कोणी केला? आपणच.

मग काही मित्र म्हणतात, बंदरेच बंद करा. हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात कापसाची गाडी राज्याच्या सीमेवर अडवली जाई, नाक्यावर पोलीस उभे असत. तेच सरकार, पण बंदरावर तणाचे बी अडवायला कोणी नाही. बंदी आपल्या मालाला, मोकळीक किडीला!

तपासणी म्हणजे बंदी नव्हे. २०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपने आपला हापूस थांबवला. आपली तपासणी सुधारली, २०१५ मध्ये आंबा पुन्हा गेला. त्यांना जमते. आपल्याकडे १९१४ चा कायदा आहे, २००३ चा क्वारंटाइनचा आदेश आहे. पण डाळीचे भाव पाडायचे असले की अटी सैल. जहाजात चढवण्यापूर्वी धुरी देण्याच्या अटीतून परदेशी वाटाण्याला कित्येक वर्षे मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली. म्हणजे भावही आपला पडणार आणि कीडही आपल्याच शेतात येणार.

जिल्हा मेळाव्यात ठराव मांडा: व्यापार खुला हवा, पण प्रत्येक जहाजातला माल तपासूनच उतरवा. विमानातून उतरणाऱ्या साहेबाच्या पिशवीतले रोपसुद्धा तपासा. तपासणीचा खर्च आयातदाराकडून घ्या. आणि तरीही नवी कीड शिरली, तर पहिल्या हंगामाच्या फवारणीचे पैसे त्याच वसुलीतून शेतकऱ्याला द्या.