पहिले धनुष्य

गेली वीस वर्षे मी मुलांना ‘प्रत्यंचा’ या शब्दाचा अर्थ सांगत आलो आहे. ‘धनुष्याची दोरी’ असे फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे. ती दोरी ओढायला किती बळ लागते, असे एकाही विद्यार्थ्याने मला कधी विचारले नाही; विचारले असते तर माझी पंचाईतच होती. ते उत्तर मला यंदाच्या मे महिन्यात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, एका दुकानातल्या स्टुलावर बसून मिळाले.

सुटीत थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. तिचा मुलगा चोवीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला. कचेरीतल्या मित्रांच्या नादाने त्याने हरणाच्या शिकारीचे मनावर घेतले होते. तीही बंदुकीने नव्हे, धनुष्यबाणाने. ताई मला म्हणाली, “तू मास्तर आहेस, तूच सांग त्याला चार शब्द.” मी सांगायला गेलो आणि बोलता बोलता त्याच्याबरोबर दुकानापर्यंत पोचलो. माझ्या उपदेशाची ताकद ही अशी!

वाचकहो, कपाळाला आठी घालण्यापूर्वी एक ध्यानात घ्या. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शौकाची शिकार बंदच करून टाकली. ते योग्यच झाले. पण त्याच १९७२ साली अमेरिकेने धनुष्यबाणांवर ११ टक्के कर बसवण्याचा कायदा केला, आणि तो पैसा वन्यप्राण्यांच्या संवर्धनासाठी राखून ठेवला. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथली पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आसपास उरली होती. आज ती अडीच-तीन कोटी असावीत. शेतकरी आणि मोटारवाले दोघेही त्यांना वैतागलेले. तेव्हा परवाना काढून, ठरल्या दिवसांत एखादे हरीण मारणे हा तिथे गुन्हा नव्हे. मला ते रुचले का? नाही. पण भाच्याला ते खायचे होते, आणि कोंबडीच्या दुकानात कोंबडी कशी मरते हे आपण तरी कुठे पाहायला जातो?

असो. दुकानात भिंतभर धनुष्ये टांगलेली. भाच्याने थेट तेराशे डॉलरच्या धनुष्याला हात घातला. “मित्राचं सत्तर पौंडांचं आहे,” तो म्हणाला. सत्तर पौंड म्हणजे धनुष्याचे वजन नव्हे, दोरीची खेच. दुकानदार म्हातारा होता. त्याने किती पैसे आणलेस हे विचारले नाही. “हात पसर,” एवढेच म्हणाला. या मधल्या बोटाच्या टोकापासून त्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ७० इंच भरले. त्याला अडीचने भागले : २८ इंच. म्हणजे दोरी साधारण इतकी मागे यायला हवी. धनुष्य कितीही भारी असो, हे माप चुकले तर नेम चुकलाच. आपण चपला घेताना पाऊल घालून बघतो, आणि धनुष्य मात्र किमतीची चिठ्ठी पाहून घ्यायचे!

ही धनुष्ये आपल्या रामलीलेतली नव्हेत. दोन्ही टोकांना कप्प्या असतात. मिसूरीच्या हॉलेस ॲलन या गृहस्थाने ही युक्ती काढली, १९६६ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ साली ते त्याला मिळाले. यात दोरी ओढताना पूर्ण जोर लागतो, पण ती मागे आली की कप्प्या भार उचलतात आणि हातावर थोडेच ओझे उरते. ८० टक्के सूट असेल तर ५० पौंडांचे धनुष्य धरून ठेवायला १० पौंड पुरतात. दिवाळीतसुद्धा आपल्याकडे एवढी सूट कोणी देत नाही.

मग म्हाताऱ्याने भाच्याला स्टुलावर बसवले, पाय जमिनीवरून उचलायला लावले, आणि सत्तर पौंडांचे धनुष्य हाती दिले. “समोर धर. वर न उचलता सावकाश ओढ.” भाच्याने धनुष्य छताकडे नेले, मान वाकडी केली, तोंड लाल केले. दोरी जेमतेम आली. म्हातारा शांतपणे म्हणाला, “ऑक्टोबरातली पहाट आहे. तू दोन तास झाडावरच्या मचाणावर गारठून बसला आहेस. अंगात जाड कोट. वीस वारांवर हरीण उभं आहे. तू असा नाचलास तर ते पळेल. ते बरं. पण न पळता उभं राहिलं आणि तू घाईत बाण सोडलास, तर?”

त्या ‘तर’चे उत्तर त्याने पुढे दिले. गोळी आघाताने मारते. बाण कापतो, रक्त वाहते, आणि छातीच्या आत, काळजाजवळ, ताटलीएवढ्या जागेत तो लागला तरच हरीण लवकर मरते. पोटात लागला तर ते रानात शिरते आणि तासन्‌ तास तडफडते. चूक तुझी, भोगणार ते. भाच्याने धनुष्य मुकाट्याने खाली ठेवले.

पन्नास पौंडांचे मात्र त्याने दाराची कडी काढावी तसे ओढले. त्या राज्यात कायद्याने किमान ३५ पौंड पुरतात, तेव्हा उणेपणा काहीच नव्हता. (प्रस्तुत लेखकानेही स्टुलावर बसून चाळीसचे ओढून पाहिले. प्रत्यंचा अर्ध्यावर आली. पुढचा अर्थ मला अजून लागायचा आहे.)

शेवटी घेतले ते चारशे डॉलरच्या आतले. खेच आणि लांबी दोन्ही त्यावर कमी-जास्त करता येतात. दंडात बळ आले की स्क्रू पिळायचा, नवे धनुष्य घ्यायला नको. नेम धरायची खूण आणि भाता त्यातच. त्याहून स्वस्त म्हणून जुने घ्यायचे का, असे मी विचारले. म्हाताऱ्याने कापसाचा बोळा घेऊन एका जुन्या धनुष्याच्या भुजांवरून फिरवून दाखवला. तंतू अडकले की तिथे चीर आहे असे समजायचे. शिवाय बाण न लावता दोरी कोणी सोडली असेल तर आतून इजा झालेली असते. शिवधनुष्य दोरी चढवताना मोडले. यांचे रिकामी दोरी सोडल्याने मोडते. पारख असलेला माणूस बरोबर नसेल तर नवख्याने जुन्याच्या वाटेला जाऊ नये, हे माझे मत.

पात्यांच्या बाबतीत मात्र म्हाताऱ्याने काटकसर करू दिली नाही. धारदार पाती आणि जरा जड बाण, साधारण २६ ग्रॅमचे. भाच्याला हलके, वेगवान हवे होते. तेव्हा मला, काय सांगू, दशरथ आठवला. घडा भरल्याचा आवाज ऐकून त्याने न पाहता बाण सोडला आणि श्रावण गेला. इथे उलटे आहे. दोरीचा आवाज सेकंदाला ११०० फूट जातो आणि बाण फार तर अडीचशे-तीनशे. शब्द आधी, बाण मागून. आवाजासरशी हरीण दबते आणि नेम वर जातो. वेग विकत घेऊन हे अंतर भरून निघत नाही. जवळूनच मारावे लागते.

सारा उन्हाळा भाच्याने अंगणात सराव केला. म्हाताऱ्याचा नियम असा, की दिवसाचा पहिला बाणच मोजायचा, कारण रानात दुसरा मिळत नाही.

परवा त्याचा फोन आला. हरीण आले होते, अठरा वारांवर. त्याने दोरी ओढली. पण ते त्याच्याकडे तोंड करून उभे, छातीची बाजू दिसेना. तो मिनिटभर तसाच ओढून राहिला. हरीण वळले नाही. त्याने दोरी सावकाश परत सोडली, बाण काढून घेतला.

“मामा, याला मराठीत शब्द आहे का रे?”

मी म्हटले, आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात तपस्वी अडवतात तेव्हा दुष्यंत हेच करतो. प्रतिसंहार.

“फार मोठा आहे,” तो म्हणाला. “बरं, ठेवतो. पहाटे पुन्हा जायचंय.”