होमस्कूलिंग: मटकीतून गणित शिकता येतं, पण दाखल्याचं काय?

लाकडी ट्रे, त्यात रंगवलेले तांदूळ, समोर शांत बसलेलं मूल आणि खाली ओळ, 'आम्ही मुलाला शाळेतून काढलं.' असा रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. कमेंटमध्ये काही पालक विचारतात, किट कुठे मिळेल? काही विचारतात, हे कायदेशीर आहे का?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पण आधी किटचं बघू.

किट विकत घ्यावं लागतं का?

नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या पानं, बिया, खडे, शंख-शिंपल्यांवर. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांतून भूमिती शिकवली. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरका होतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला त्यातून कळतं. खर्च दोन-चार रुपये.

वय बदललं की साहित्य बदलायलाच हवं, असंही नाही. बदलायचा असतो तो प्रश्न. घरातली मटकीच घ्या.

चार-पाच वर्षांच्या मुलाने ती वाटीतून वाटीत ओतायची, मुगापासून वेगळी करायची, दहा-दहाचे ढीग लावायचे. (जवळ बसा. या वयात दाणा नाकात जायला वेळ लागत नाही.) आठ वर्षांच्या मुलाने एक वाटी मटकी रात्री भिजत घालायची आणि सकाळी किती वाट्या झाली ते मोजायचं. मग मोड येईपर्यंत रोज एक चित्र आणि दोन ओळी. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात वजनकाटा द्या. 100 ग्रॅम मटकी भिजून साधारण दुप्पट भरते. नेमकी किती टक्के वाढली? कोमट पाण्यात लवकर फुगते का? फडक्यात बांधलेली आणि उघडी ठेवलेली, यांत फरक काय? आकडा चुकला, तर पुन्हा करायचं.

रीलमध्ये नेमका हाच भाग नसतो. ट्रे दिसतो, त्यानंतरचं बोलणं, लिहिणं आणि चुकलेली मोजणी दिसत नाही. मोठ्या माणसाचा वेळ खातो तो हाच भाग. हा वेळ बहुतेक घरांत आईचा असतो, अनेकदा नोकरी सोडून दिलेला. त्यामुळे 'स्वस्त पर्याय' हा दावा जरा तपासूनच घ्यावा.

कायदा काय म्हणतो?

1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. कलम 10 नुसार मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. मात्र ते पाळलं नाही तर पालकांना शिक्षा काय, हे कायद्यात लिहिलेलं नाही. होमस्कूलिंग हा शब्दही त्यात नाही. म्हणजे घरी शिकवण्याला उघड परवानगी नाही आणि त्यासाठी दंडही नाही. हजारो रुपयांचे कोर्स विकणारे 'भारतात पूर्ण कायदेशीर' असं छातीठोकपणे सांगतात, तेव्हा ते ही पोकळी झाकत असतात.

दहावीचा मार्ग मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएसची दहावी 14 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. राज्य मंडळात बाहेरून बसणाऱ्यांसाठी 17 नंबरचा फॉर्म असतो. दोन्हीच्या अटी वेगळ्या आहेत. त्या बाराव्या-तेराव्या वर्षीच वाचून घ्या. परीक्षेच्या वर्षी जुना दाखला शोधत बसणं मुलाच्या अभ्यासावर येतं.

आणि प्रयोग जमला नाही तर? याच कायद्याचं कलम 4 उपयोगी पडतं. कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मधेच शाळा सुटलेल्या, सहा वर्षांवरच्या मुलाला वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. हा दरवाजा 14 वर्षांपर्यंतच उघडा असतो. आठवीच्या वयाच्या मुलाला घरी ठेवायचं की परत पाठवायचं, यावर म्हणूनच वर्ष वर्ष घालवून चालत नाही.