माहितीच्या साठवणीला मुरबाडमध्ये गिऱ्हाईक आहे का?

मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. माहितीचा ओघही शहराकडेच आहे. ऐरोली-महापे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. तेथील भाड्याच्या जागेला मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील किंवा आसनगाव परिसरातील लघुउद्योजक गिऱ्हाईक म्हणून मिळेल काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

मागणी निर्माण केली ती प्रामुख्याने कायद्याने. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपणे बंधनकारक झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन, संगणकावर ठेवलेल्या हिशेबाची प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर घेण्याची सक्ती आली. तथापि ही सक्ती नोंदणीकृत कंपन्यांना आहे. एकट्याच्या मालकीच्या कारखान्याला किंवा भागीदारीतील भातगिरणीला ती लागू नाही. तेथे 'बॅकअप' म्हणजे हिशेबनिसाच्या खिशातला पेन ड्राइव्ह, फार तर मालकाच्या खणातली हार्ड डिस्क. संगणक आणि खण एकाच खोलीत असल्याने आग लागली वा पुराचे पाणी शिरले तर दोन्ही एकदमच जातात. मग उधारी कोणाकडे किती, हे सांगायलाही कागद उरत नाही.

मग हा उद्योजक भाड्याची जागा का घेत नाही? कारण केवळ पैशाचे नाही. १०० गिगाबाइट माहिती सेकंदाला १० मेगाबिट वेगाने वर चढवायची तर अखंड २२ तास लागतात. वीज अथवा केबल मध्येच गेली की काम रखडते. उलट ५०० मेगाबाइटची हिशेबाची फाइल त्याच वेगाने सात मिनिटांत जाते. म्हणजे ज्याच्यावाचून धंदा बुडेल ते हिशेब हलके आहेत. जड आहेत ती यंत्रभागांची रेखाचित्रे आणि कॅमेऱ्यांचे चित्रण. विक्रेते मात्र सगळे एकाच मापाने, गिगाबाइटवर विकू पाहतात. ग्राहक दचकतो तो येथेच.

जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या संगणकीय हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे सर्व्हर कोलमडले, न्हावाशेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. एका महत्त्वाच्या सर्व्हरच्या साऱ्या प्रती एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे त्या एकदमच गेल्या. वाचली ती घानातील एक, आणि तीही तेथे वीज गेल्यामुळे! भारनियमनाला शिव्या देणाऱ्या मुरबाडकराला याचे हसू येईल. पण जोडणीपासून अलग ठेवलेल्या प्रतीचे मोल त्यातून कळते. सतत जोडलेला क्लाऊडचा फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे: कारखान्यातील फाइल बिघडली की तिकडचीही बिघडते.

तेव्हा दर विचारण्याआधी लघुउद्योजकाने तीन गोष्टी विचाराव्यात. जुन्या तारखेची प्रत मिळेल काय, ती किती तासांत परत येईल आणि करार संपला तर माहिती कोणत्या स्वरूपात हाती पडेल. यांची लेखी उत्तरे देणाऱ्या विक्रेत्याला मुरबाडमध्ये गिऱ्हाईक आहे. नुसती जागा विकणाऱ्याला मात्र हार्ड डिस्कशी स्पर्धा करावी लागेल, आणि ती एकदाच विकत घ्यावी लागते.