गृहहिताच्या गोष्टी : दग्धरुग्ण

नागपूरच्या दक्षिणेस मिहान नावाचा जो नवा उद्योगप्रदेश वसला आहे, तेथील 'एम्स' रुग्णालयाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. तेथे दग्धोपचाराचा विभागही आहे. परंतु भाजलेल्या मनुष्याचे भवितव्य पुष्कळ अंशी रुग्णालयाचे दार गाठण्यापूर्वीच ठरते. म्हणून हा विषय वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेस पेट्रोल टाकून पेटविण्यात आले. नागपुरात आणून शर्थीचे उपचार झाले. तरी १० फेब्रुवारीस तिचा अंत झाला. अंगाचा निम्म्याहून अधिक भाग शाबूत असता असे का व्हावे? कारण धग श्वासमार्गात शिरली होती, आणि पुढे जंतुविष रक्तात पसरले. सुश्रुताने प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार भेद सांगून त्याच अध्यायात धूमोपहताची लक्षणे निराळी दिली आहेत, ती उगीच नव्हेत.

मात्र एका बाबतीत सुश्रुताचा पक्ष सोडणे प्राप्त आहे. प्लुष्टास त्याने शेक सांगितला. आजचा अनुभव उलट आहे. भाजताच २० मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, शाई, टूथपेस्ट, तूप काही लावू नये. बांगड्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वी उतरवाव्या. चिकटलेले वस्त्र ओढू नये. मग स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून तत्काळ रुग्णालय गाठावे. मोठ्या दाहात रक्तातील द्रव सारखा झिरपतो. तो शिरेवाटे भरून काढण्याचे पहिले आठ तास फार मोलाचे, आणि ते भाजल्या क्षणापासून मोजतात, रुग्णालयात पोचल्यापासून नव्हे.

पुढे प्रश्न उरतो उघड्या जखमेचा. स्वतःची त्वचा पुरेशी नसेल तेव्हा मृताची त्वचा तात्पुरते आवरण होऊन जंतूंस अडविते. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली अशी त्वचापेढी निघाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ यांवरील पातळ पापुद्रा घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही.

तरी आपल्या घरांतून 'देह अखंड जावा' असा आग्रह दिसतो. जो देह घटकाभरात अग्नीस अर्पण करावयाचा, त्याचा एक पापुद्रा अग्नीने पोळलेल्या जीवास दिल्याने कोणती धर्महानी होते? वडीलधाऱ्यांनी आपली इच्छा हयातीतच मुलांस सांगून ठेवावी. त्या दुःखाच्या घटकेस विचार करण्यास सवड नसते.